मोज्यांचे दोन जोड

तीर्थरूप आईंना सुनेचा नमस्कार,

आम्ही दोघी मायलेकी मजेत आहोत. गुडघ्याला तेल लावता ना?

बोटींचे तळ पाण्याखाली जाऊन तपासायचं काम तुमच्या नातीला मानवलंय. तुम्ही बजावलं होतं, म्हणून पोहताना ती ह्यांचेच लांब रबरी पात्यांचे फिन्स पायात घालायची. पण दोरीवर रोज मोज्यांचे दोन जोड वाळताना दिसले, म्हणून मी विचारलं.

"बाबांचे सैल होतात गं, म्हणून मोजे एकावर एक घालते. आजीला सांगू नकोस."

इथल्या पाण्याला ओढ फार. मी पुस्तक आणून वाचलं. ओढीत फिन्स पायात घट्ट बसायला हवेत, पातंही ताठ हवं. ह्यांच्या फिन्सची पाती आता मऊ पडलीत. तिला दुकानात नेलं, फिन्सचे चार जोड घालून बघायला लावले.

"आई, तुला बादलीत तरी पोहता येतं का?" म्हणून हसली. पण घेतले.

रागावू नका. जुने बाजूला काढताना माझाही हात जड झाला. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवलेत, हे असताना ठेवायचे तसेच.

काल ती ओढीतून वर येईपर्यंत मी धक्क्यावरच उभी होते. संध्याकाळी दोरीवर मोज्यांचा एकच जोड होता.

औषध चुकवू नका.

तुमची,
सून