आजचं रडगाणं

दादा,

दुकानाच्या पेजवर तू रोज एका गिऱ्हाइकाची तक्रार 'आजचं रडगाणं' म्हणून टांगतोस. काल एका आजोबांची टांगलीस. 'घडीच्या शिडीची कडी भार पडला की सुटते,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. तू उत्तर दिलंस, 'आजोबा, शिडी चढायला असते, नाचायला नाही!' लोक खदाखदा हसले. त्यानंतर आजोबांनी एक अक्षर लिहिलेलं नाही. ते शिडीवरून पडले तर नसतील ना?

तसलीच शिडी तू बाबांनाही दिलीस. आज मी खालच्याच पायरीवर उभी राहिले आणि कडी सटकन सुटली. बाबा म्हणाले, "त्याला सांगू नकोस गं, माझंही रडगाणं करेल." सख्खा बाप मुलाच्या विनोदाला घाबरतो! अरे, जिथे तक्रारीची टिंगल होते, तिथे माणसं पडेपर्यंत गप्प बसतात.

हे पत्र पाठवत नाही, कारण तू तेही टांगशील. शिडी घेऊन मीच दुकानात येते आहे. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तूच चढून दाखव. घाबरू नकोस, खाली मी धरून उभी असेन.

तुझी,
धाकटी