उंबऱ्याचं लाकूड

सूनबाई,

खोली रिकामी बघून आरडाओरडा करू नकोस. तुझ्या सासऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत नेते आहे. मीच ढकलणार, माझे हात अजून शाबूत आहेत.

सुतार येईल. दार खाली घासतं तिथे रंधा मारून घे. बिजागऱ्यांना खिळे ठोकू देऊ नकोस, स्क्रूच लाव म्हणावं.

उंबरा काढायचा म्हणालीस तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. चौकट खिळखिळी होईल म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. तू उलटून एक शब्द बोलली नाहीस, पण सुताराला बोलावलंसच. दिसतेस गाय, आहेस चिवट. आजारपण आल्यापासून हे आढ्याला डोळे लावून पडले होते. आज खुर्ची कुठे न अडकता बाहेर गेली. आत्ता दारात उन्हात बसून "आटप की लवकर" म्हणून माझ्यावर ओरडताहेत. किती दिवसांनी ओरडले! हे तुझ्यामुळे झालं. तोंडाने सांगायला मला जमायचं नाही, म्हणून लिहिलं.

काढलेला उंबरा सागाचा आहे, जळणात जाऊ देऊ नकोस. त्याचं तुझ्यासाठी बुटकं स्टूल करायला सुताराला सांगितलं आहे. फडताळाच्या वरच्या फळीला हात पोचावा म्हणून रोज टाचा उंचावतेस, मला दिसतं. त्यावर उभी राहिलीस की माझ्याएवढी होशील. लगेच डोक्यावर बसू नकोस.

तुझी सासू