रोजची एकादशी

बुकित पंजांग, सिंगापूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. क्षिप्रास आईचे अनेक आशीर्वाद.

'आम्ही सगळे मजेत' असं लिहायची हाताला सवय आहे. पण सध्या घरात सगळे म्हणजे मी एकटीच, तेव्हा मी बरी आहे. तुझ्याकडे थंडी सुरू झाली असेल. तो करडा कोट खांद्यात उसवला होता, तो शिवून घेतलास का, की तसाच घालून हिंडतेस?

पत्र कशाला, तेही कुरिअरनं, असं म्हणशील. व्हॉट्सॲपवर लिहिलं की तू निम्मं वाचतेस, लगेच फोन लावतेस आणि इंग्रजीतून भांडतेस. इंग्रजीतल्या भांडणात मी आजवर कधी जिंकलेले नाही. मराठी मात्र तुला अजून बोट ठेवून वाचावं लागतं. शनिवारच्या मराठी वर्गाला तुला ओढत न्यायचे तेव्हा तू वैतागून विचारायचीस, "बट व्हॉट फॉर, आई?" यासाठी, बाळ. सावकाश वाच.

इकडची बातमी फारशी नाही. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणार का, म्हणून स्मिताकाकूचा फोन आला होता. यंदा नाही म्हटलं. तिनं कारण विचारलं नाही, म्हणजे महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना कळलेलं दिसतंय. बाबा शनिवारी जहाजावरून उतरतायत. त्याबद्दल शेवटी लिहिते.

तू पाठवलेलं तुझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचलं. डिक्शनरी शेजारी ठेवून पुरं वाचलं. एकोणीसशे तीसच्या आसपासचं इथलं चायनाटाउन, फळ्या ठोकून एका खोलीच्या केलेल्या चार खोल्या, आणि अंधारे जिने चढून घरोघर येणाऱ्या त्या सरकारी नर्सबाया. बाळाला दूध कसलं पाजता, पाणी उकळता का, निजवता कुठे. चांगलं लिहिलंयस. त्या नर्सबायांवरचा तुझा रागही चांगला उतरलाय. मदतीला म्हणून आलेली बाई आधी स्वयंपाकघरात डोकावते, असं तू लिहितेस. तिच्या भीतीनं आया भांडी लपवायच्या आणि आजारी पोर शेजारी नेऊन ठेवायच्या, हे वाचून तर मला त्या बायांची दयाच आली. मदतीच्या नावाखाली पाळत, हे तू पानोपानी म्हटलंयस.

तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात डोकावायला बाई आली, तेव्हा मी भांडी लपवली नाहीत. उलट काढून मांडली.

मिस गोह तिचं नाव. वेल्फेअरच्या ऑफिसातली. तुझ्याहून चारदोन वर्षांनी मोठी असेल. कापडी बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले आणि आत आली. बरोबर हिंदी बोलणारी एक स्वयंसेविका होती, कारण तुझ्या आजीला इंग्रजी येत नाही आणि सुनेच्या भाषांतरावर ऑफिसचा भरवसा नव्हता. तसं त्या दोघी म्हणाल्या नाहीत हं. "इट्स द प्रोसीजर, मॅडम," म्हणाल्या. मी विचारलं, तक्रार कोणी केली? तर मिस गोह अगदी हळू आवाजात, तुझ्यासारखंच मध्येच 'लाह' लावून म्हणाली, "नॉट कम्प्लेंट लाह, मॅडम. समवन इन द फॅमिली, ओव्हरसीज, इज व्हेरी वरीड."

आपल्या घरातली ओव्हरसीज माणसं दोन. एक जहाजावर होता आणि त्याला कशाचाच पत्ता नव्हता. नाव घ्यायची तिला गरजच पडली नाही.

येणार म्हणून त्यांनी आदल्या दिवशी फोन केला होता, त्यामुळे मी सणाचा स्वयंपाक करून ठेवला होता. वरण, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, गव्हाची खीर. आजींना स्वच्छ पातळ नेसवलं, केस विंचरले. आता काय बघायचं ते बघा म्हटलं. मिस गोह आजींसमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आंटी, ईट ऑरेडी?" जेवलात का, हे इथे लिफ्टमध्येसुद्धा लोक एकमेकांना विचारतात. त्या दुसरीनं ते हिंदीत विचारलं. आजी ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि सांगितलं, "नाही हो. माझी एकादशी आहे. कालपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही मी."

किती अभिमानानं सांगितलं म्हणून सांगू! पाहुण्यांपुढे आपला उपास किती कडक, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. मिस गोहनं विचारलं, किती दिवस चाललाय हा उपास? आजी म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून."

मिस गोहचं लिहिणं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या मांडलेल्या ताटाकडे पाहिलं. ताटातलं वरण गार झालं होतं.

तिला मी दोष देत नाही. ती परकी, तिला एकादशी काय ठाऊक! पण तू? मे-जूनमध्ये तू सहा आठवडे इथे होतीस. आजींना आता रोजच एकादशी असते, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, "उल्का, आज एकादशी ना गं?" मग मी म्हणायचं, "एकादशी काल झाली. आज बारस. उपास सोडायचा." नुसतं म्हणून भागतंय थोडंच. मला अंघोळ करून काठाची साडी नेसावी लागते, देवापुढे दिवा लावून नैवेद्याचं पान वाढावं लागतं, पानाभोवती पाणी फिरवावं लागतं. एवढं पाहिलं की त्यांना पटतं, आणि मग त्या चार घास खातात. संध्याकाळी पुन्हा एकादशी. तू सोफ्यावर बसून म्हणाली होतीस, "सो क्यूट, आई. यू शुड बी अ‍ॅक्टर, लाह."

तुला ते सहा आठवडे पाहायला मिळालं. मला ते दीड वर्ष करायला मिळालं. मदतीला ठेवलेली ती बर्मी मुलगी, तिला आजींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. तिच्या हातचं पाणीही पीत नव्हत्या. पोर रडत निघून गेली. दुसरी ठेवायचं मला धाडस झालं नाही. बाबा जहाजावरून व्हिडिओ कॉल करायचे, "आई कशी आहे?" आणि आजी लगेच हसायच्या. बाबांपुढे त्यांना कधी एकादशी आठवली नाही.

मग ऑगस्टमधला तो तुझा कॉल. तेव्हा आजी तुला हात हलवून दाखवत होत्या, आणि बांगड्या सरकून कोपरापाशी गेल्या. मी म्हटलं, वय झालंय, अंग आटतंच. तू म्हणालीस, "हं." त्या 'हं'चं काय करायचं ते तू मला न विचारता ठरवलंस. मला ओरडली असतीस तरी चाललं असतं. शिव्या दिल्या असत्यास तरी मी ऐकून घेतल्या असत्या. पण आईला एक अक्षर न विचारता तू सरकारला फोन केलास, आणि दुसऱ्याच आठवड्यात मला ते प्रकरण पाठवलंस. "तुझं मत सांग" म्हणून! हे तुला कसं सुचलं, क्षिप्रा? मी त्या दिवशी फार रडले.

आता मत सांगते. त्या बांगड्या तू एकदा पाहिल्यास. मी रोज पाहत होते. अंघोळ मीच घालत होते, पाठीचे मणके माझ्याच हाताला लागत होते.

तू गेल्यानंतर, जुलैत, एका सकाळी त्यांनी विचारलं, "आज एकादशी ना गं?" माझी कंबर धरली होती. कुकर लावायचा, साडी नेसायची, दिवा लावायचा, आणि एवढं करून दोन घास खाऊन त्यांनी ताट ढकलायचं, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "हो."

त्या इतक्या खूश झाल्या. दिवसभर शांतपणे जप करत बसल्या. मी एक केळं आणि कपभर दूध दिलं, तेवढं घेतलं. मी दुपारी झोपले. कितीतरी दिवसांनी झोपले.

त्यानंतर किती सकाळी मी 'हो' म्हटलं ते मला विचारू नकोस. आपण कोणाला उपाशी ठेवत नाही, त्यांचं व्रत आहे, त्यांना पुण्य लागतंय, असं मी मनाला सांगत होते. मिस गोह आली त्याच्या आदल्या दिवशीही मी 'हो'च म्हटलं होतं. आजी तिच्याशी एक शब्दही खोटं बोलल्या नाहीत.

त्याच दिवशी मिस गोहनं त्यांना नेलं, आणि नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात त्यांना सलाइन लावलं. डॉक्टर माझ्याशी फार सभ्यपणे बोलले. नर्सनं मला खुर्ची दिली, चहा दिला. कोणी ओरडलं असतं तर मलाही ओरडता आलं असतं. तिथून त्यांना नर्सिंग होममध्ये हलवलं, "तात्पुरतं" म्हणून. मी दर गुरुवारी जाते. तिथे वेळेवर ट्रॉली येते, झाकण उघडतात, चमचा तोंडाशी नेतात. आणि त्या खातात! मऊ भात, भोपळा, कस्टर्ड. कोणी काठाची साडी नेसत नाही, कोणी पानाभोवती पाणी फिरवत नाही. ज्या मुलीच्या हातून खातात ती बर्मीच आहे. एकादशीचं नावसुद्धा काढत नाहीत. मी समोर दिसले की मात्र चमचा बाजूला सारतात आणि विचारतात, "आज एकादशी ना गं?" म्हणून आता मी जेवणाच्या वेळी जात नाही.

तर तुझ्या त्या प्रकरणाबद्दल. त्यात एक बाई कमी आहे. नर्सच्या भीतीनं भांडी लपवणारी आहे, भांडणारी आहे, दार न उघडणारी आहे. पण जिन्यावर पावलं वाजल्यावर जिला हायसं वाटलं, अशी एकही नाही. अशी बाई असणार, बाळ. पोराला मांडीवर घेऊन थकलेली, कोणीतरी येऊन याला उचलून न्यावं असं मनात म्हणणारी. ती नर्सला हे सांगणार नाही, नवऱ्याला सांगणार नाही आणि तुलाही जुन्या कागदांच्या कुठल्या कपाटात सापडणार नाही. तोंडानं ती नर्सला शिव्याच देणार.

गेल्या महिन्यात मिस गोहचा फोन आला होता. म्हणाली, मॅडम, आंटींचं वजन वाढलंय, केस बंद करतोय. तुम्हाला हवं तर त्यांना घरी नेता येईल. सकाळी डे-केअरची गाडी येईल, दुपारचं जेवण तिथेच होईल, घरी नर्स येत जाईल, आम्ही सगळी मदत करू. "यू आर नॉट अ बॅड पर्सन, मॅडम. यू आर टायर्ड ओन्ली." फार चांगली मुलगी आहे. सगळं जुळवून ठेवलं होतं तिनं. माझ्या फक्त 'हो'ची वाट होती.

मी नाही म्हटलं.

कंबरेचं कारण दिलं. कंबर दुखते हे खरंच आहे, पण ते कारण नव्हतं.

आता बाबांचं. त्यांना मी जहाजावर एवढंच कळवलं की क्षिप्रानं फोन केला आणि सरकारनं आईला नेलं. मिस गोहनं परत न्या म्हटलं होतं, हे कळवलं नाही. त्यांचा समज झालाय की तुझ्यामुळे त्यांच्या आईला घर मिळत नाही. तो समज मी तसाच राहू दिलाय. शनिवारी ते उतरतील, थेट नर्सिंग होममध्ये जातील, आणि संध्याकाळपर्यंत तुला फोन करतील. तुला माहीत आहे ते स्वतःच्या आईबद्दल कसे आहेत. नाही नाही ते बोलतील. पुन्हा घरात पाय ठेवू नकोस, असंही म्हणतील कदाचित.

तू त्यांना खरं सांगू शकतेस. हे पत्र आहेच तुझ्या हातात, फोटो काढून पाठवायला एक मिनिट लागेल. बाबा मिस गोहला फोन करतील, गाडी ठरेल, आणि दिवाळी संपायच्या आत आजी घरी येतील. महिनाभरानं बाबा पुन्हा जहाजावर जातील. मग सकाळी त्या मला विचारतील, आणि मी काय उत्तर देईन ते मला आजच माहीत आहे.

तू फोन केलास म्हणून मी सुटले, क्षिप्रा. आजीही सुटल्या. हे मी तोंडानं तुला कधी सांगणार नाही, आणि तू तो फोन केलास याबद्दल माफही करणार नाही. दोन्ही खरं आहे, आणि मला दोन्हीतलं एकही सोडता येत नाही.

बाबांचा फोन आला की उचल. मध्ये बोलू नकोस. ते म्हणतील ते ऐकून घे, आणि चूक तुझी होती असं म्हण.

तुझीच,
आई