आरतीआधीचा ग्लास

मालवण,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय विनू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण बाजाराला अजून तीच जाते, कारण मला मासे पारखता येत नाहीत असं तिचं ठाम मत आहे. पत्र बघून हसशील. पण तू महिनाभर फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस. अंगठ्यावरून माणूस कसा आहे ते मला कळत नाही.

बातमी अशी, की माझी आयपीए, ती हॉप्सवाली कडवट बियर, पास झाली. पणजीच्या ब्रुअरीतला मितेश मागच्या पडवीत बसून दोन ग्लास प्यायला आणि म्हणाला, रेसिपी लिहून द्या, दिवाळीनंतर मोठ्या टाकीत करू. नोकरीचंही बोलला. मी अजून काही लिहून दिलेलं नाही.

माल्ट आणि पाणी माझं मीच जमवलं. उकळीच्या सुरुवातीला हॉप्सची फुलं कडूपणासाठी, शेवटची वासासाठी, हे तू स्वतः बियर करायचास तेव्हा शिकवलेलं वहीत होतंच. अडलं ते बियर आंबून झाल्यावर टाकायच्या सुक्या हॉप्सपाशी. किती दिवस ठेवायचे ते आकड्यांवरून ठरत नाही, नाक लागतं.

आणि विनू, मला नाक नाही. दोन वर्षांमागच्या तापानंतर वास गेला तो आलाच नाही. बांगडा करपला तरी आई ओरडेपर्यंत मला पत्ता नसतो. बियर करणाऱ्या बाईला वास येत नाही हे कुणाला सांगू? आईला नमुना हुंगायला दिला तर म्हणाली, दारवेचो वास येता, आणखी काय येतलो. शेजारच्या धोंडूकाकांना चढलं की सगळंच छान लागतं.

म्हणून तू चतुर्थीला आलास तेव्हा मी ते केलं. तू चौदा महिने थेंबाला शिवला नव्हतास, हे मला दिवसांनिशी ठाऊक होतं. तरी चौथ्या दिवशी आरतीच्या आधी तुला मागे बोलावून ग्लास तुझ्या हातात दिला. नुसता वास घे म्हटलं. तू बराच वेळ नाकाशी धरलास आणि म्हणालास, "ताई, ह्येका कैरेच्या चिकाचो वास येता. हॉप्स पाच दिवस ठेवलस काय? दोनच ठेव."

पुढच्या खेपेला मी दोनच ठेवले. मितेशला आवडली ती हीच बियर.

तू हे सांगितलंस तेवढ्यात आईने आरतीला हाक मारली आणि मी वही घेऊन आत पळाले. ग्लास तुझ्याच हातात राहिला. तू जरा उशिरा आलास, माझ्या शेजारी उभा राहून टाळ वाजवलास. नंतर बघितलं तर ग्लास धुऊन पालथा ठेवलेला. दुसऱ्या दिवशी विसर्जनालाही न थांबता तू पहाटेच्या गाडीने पुण्याला गेलास. आई अजून तुझ्याबद्दल म्हणते, "माझ्यावांगडा धड बोललो पण नाय आणि गेलो." मी तिला सांगितलं, ऑफिसातून बोलावणं आलं.

तू तो ओतून दिलास का, विनू?

रोज स्वतःला सांगते, माडाच्या मुळाशी ओतला असशील. मग अंगठा येतो आणि मी पुन्हा फोन लावते. आरतीत आपले खांदे टेकले होते. दुसरी कुठली बहीण असती तर तिला तुझ्या श्वासावरूनच कळलं असतं.

प्यायला असशील तर तसं सांग. मी रागावणार नाही. रागवायचा हक्क मी त्या दिवशीच घालवला. म्हणशील तर पुण्याला येईन, तुझ्या दारू सोडलेल्या मंडळींच्या बैठकीला दाराबाहेर बसेन. मितेशला नाही म्हणायला मला दोन मिनिटं लागतील. फक्त फोन उचल आणि बोल. मला आता तुझ्या आवाजावरूनच ओळखावं लागणार आहे.

तुझ्या हातात ग्लास देऊन निघून गेलेली,
तुझी ताई
आकांक्षा