हाताला पू धरला, विचारू कोणाला?

जुबैल, सौदी अरेबिया, गुरुवार संध्याकाळ

सनाचा शाळेचा निबंध चालला होता. व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात देवीची लस सक्तीची होती, बाळाला न टोचवणाऱ्या आईबापांना शिक्षा. एका बाळाच्या फोडातली लस दुसऱ्याला टोचत, कधी त्यातून भलताच रोग जाई.

"अब्बा, बच्चा मर गया तो सरकार क्या करती थी?"

इकाम्यासाठी, म्हणजे इथं राहायच्या परवान्यासाठी, सक्तीची लस घेतल्यापासून सनाच्या आईच्या हाताला पू धरलाय. दवाखाना म्हणतो, कंपनीला विचारा. कंपनीतला ओळखीचा केरळी कारकून सौदीकरणात गेला, त्याची जागा सौदी माणसाला दिली. नवा म्हणतो, "खलास, दवाखान्यात जा." जास्त बोललो तर माझाच इकामा...

आतून बायको म्हणाली, "पातेलं उतरवा हो, हात उचलत नाही."

उतरवलं. माझ्या हातात तेवढंच होतं.