पापणीवरचा भंडारा

१५ जुलै
घेतलं बाई एकदाचं! पोटावर टोचलं, मुंगी चावल्याएवढं, संपलं. मी एवढी घाबरून बसलेली की सिस्टरच हसायला लागल्या. पुढचं तीन महिन्यांनी, मग वर्षातून दोनदाच. गेल्या साली अ‍ॅटॅक आला तेव्हापासून गोळ्या गिळतेय, पण कोलेस्टेरॉल ढिम्म. गोळ्या सोडायच्या नाहीत, इंजेक्शन त्यांच्या जोडीला. बघू.

१५ ऑक्टो.
निम्म्याखाली!! वाईट कोलेस्टेरॉल निम्म्याखाली आलं! हे म्हणतात, "लॅबवाल्यानं दुसऱ्याचा रिपोर्ट दिला असेल." काय माणूस! रिक्षात मोठ्यानं गाणं म्हटलं. शाळेतल्या बाईंना शोभतं का? शोभतं.

पण एक झालं. दुसरं इंजेक्शन घेताना डॉ.नी विचारलं, डोळ्याजवळचा हा पिवळा डाग कधीपासून? म्हटलं, आमच्या घरात असतोच. आई म्हणायची, खंडोबाचा भंडारा लागलाय, नशीबवान घराणं. डॉ. म्हणाले, भंडारा नाही हो, कोलेस्टेरॉल साठलंय. घराण्यातनं येतं. भाऊ आहे?

आबांना होता डाग. काकांनाही. दोघंही पन्नाशीच्या आत गेले, छाती धरून. दादाच्या तर दोन्ही पापण्यांवर आहे. यंदा अठ्ठेचाळीस.

१६ ऑक्टो.
दादाला गावी, मंद्रूपला फोन केला, रक्त तपासून घे म्हणून. "मला काय धाड भरलीया? भाकरी खातो, दिवसभर रानात असतो. पोट सुटलंय ते तुझ्या नवऱ्याचं!" वर खो खो हसला. "देवाचा भंडारा हाय, डाक्टरला काय कळतंय?" फोन आपटला मी.

२३ ऑक्टो., भाऊबीज, मंद्रूप
दादा पाटावर बसला. ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली, मी उचलून त्याच्याच मांडीवर ठेवली. "साडी नको. रक्त तपासायला चल, तीच माझी ओवाळणी."
"येडी झालीस व्हय गं?"
"झाले. ओवाळणी मिळेपर्यंत पाटावरनं उठायचं नाही."
बसलो दोघं समोरासमोर. जेवणं खोळंबली. निरांजन मिणमिणायला लागलं तशी वहिनी तूप घालायला आली आणि वाटी हातात धरून रडायलाच लागली. "जावा की हो एकदा. आबांच्या मागं सासूबाईंनी कसे दिवस काढले ते बघितलंय मी."
दादा खाली बघत, "उपाशीपोटी यायचं असतंय न्हवं?"
जिंकले! जिंकले गं बाई मी!

२४ ऑक्टो.
सकाळीच सोलापूरला लॅबमध्ये नेलं. बैलाला वेसण घालणारा माणूस, सुई बघून डोळे गच्च मिटले. मिटल्या पापण्यांवर तो भंडारा. लहानपणी हेवा वाटायचा मला, माझ्यापेक्षा त्याला जास्त म्हणून. आज मी त्याचा दुसरा हात धरून ठेवला.

बाहेर चहा पिताना म्हणतो, "तुजं ते वर्षातनं दोनदावालं... लागलंच तर दोघांनी एकाच दिवशी घ्यायचं का?"
"आधी रिपोर्ट तर येऊ दे."

रिपोर्ट संध्याकाळी. चार वाजलेत. दादा आमच्या बाहेरच्या खोलीत बसलाय, साडीची पिशवी मांडीवर घेऊन. आणलीय बरोबर. म्हटलं, आज नको देऊस, पुढच्या भाऊबीजेला दे.