गोठ्याची लाइन

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज बत्तीस दिवस. गोठ्यात अजून अंधारच. हे गेले त्याच दिवशी लाइन तोडली, ती तोडलेलीच. मोबाइलची बॅटरी दातात धरून धार काढते. चार गाई, दोन हात. तोंड दुखतं, पण बरं आहे, बोलावं लागत नाही.

आई ओट्याच्या खाली पाय ठेवत नाहीत. गोठ्याकडे बघतसुद्धा नाहीत. तिथूनच सुरू होतात — "त्या किशोरनं माझा ज्ञानू खाल्ला! त्याच्या हाताला कीड पडो!"

सगळ्या सायखेड्याने हेच ठरवून टाकलंय. किशोर वायरमनने गोठ्याची फिटिंग केली, पाण्याच्या हौदाला करंट उतरला, ज्ञानेश गेला. संपलं. आता त्याला कुणी साधा पंखा लावायलाही बोलवत नाही. कारभारी भाऊजी ठाण्यात तक्रार देणार आहेत. कागदावर सही माझी पाहिजे म्हणे.

मी गप्प. गप्प बसायला मला काय होतंय!

१७ ऑक्टोबर, गुरुवार

किशोर आला. फाटकाच्या आत येईना. केवढा वाळलाय!

"वहिनी, पैसे नको मला. एकदा फक्त उघडून बघू द्या. माझ्या हातून काय चुकलं ते कळू द्या. झोप लागत नाही हो."

आईंनी दार धाडकन लावलं. मी म्हटलं, कर बाबा. सगळी लाइन नवीन कर. वसुबारसेच्या आत उजेड पाहिजे मला. सण नाही करायचा यंदा, पण गाईंनी किती दिवस अंधारात राहायचं?

१९ ऑक्टोबर, शनिवार

त्याने गोठ्यातली पेटी उघडली. आतल्या वायरी एकेक करून बोटाने चाचपल्या. मग मला हाक मारली.

"वहिनी, हा ईएलसीबी मी बसवला होता. कुठंही करंट गळाला की हा पडतो, लाइट बंद करतो. माणूस वाचतो. याला वगळून कुणीतरी वायर डायरेक्ट जोडलीय. ही काळी टेप माझी नाही. कुणी केलं हे?"

मी म्हटलं, माहीत नाही.

माहीत नाही म्हटलं मी! तोंड वर करून!

२० ऑक्टोबर, रविवार

लिहूनच टाकते. इथे तरी खोटं नको.

आषाढात तो ईएलसीबी सारखा पडायचा. धार काढायचं मशीन मध्येच बंद, गाय लाथ मारणार, दूध सांडणार. एका धारेला तीन-तीनदा! मी वैतागले. यांना म्हटलं, "हे काय खेळणं बसवून ठेवलंय त्या किशोरने? काढून टाका, नाहीतर उद्यापासून धार तुम्ही काढा!" हे हसले. "बरं बाई." स्टुलावर चढले. बॅटरी मीच धरली होती. टेपसुद्धा मीच दातांनी तोडून दिली.

मग एकदाही लाइट गेली नाही. किती खूश झाले होते मी! त्या दिवशी यांना आल्याचा चहा करून दिला, वर म्हटलं, बघा, माझं ऐकत जा.

ऐकलंत का हो! कशाला ऐकलंत माझं?

२३ ऑक्टोबर, बुधवार

किशोरने दोन फूट खोल चर खणला. जाड केबल घातली, वर विटा, मग माती. घरापासून गोठ्यापर्यंत लोंबणारी जुनी वायर काढून फेकली. बटणं गाईच्या शिंगांच्याही वर, झाकणाच्या डबीत. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा. "वहिनी, उन्हाळ्यात यात पाणी ओतत जा. कोरडं पडलं की अर्थिंग असून नसल्यासारखं." हौदाचा पाइप, लोखंडी खांब, सगळं एका तारेने अर्थिंगला बांधलं.

हौद भरायच्या मोटरीतून करंट गळत होता, म्हणून ईएलसीबी पडायचा. तो बिघडला नव्हताच. शेवटी गळती वाढली असणार, म्हणाला. चंद्री गाईचंही सांगितलं मी. हे जायच्या आधी दोन-तीन दिवस ती हौदाला तोंड लावत नव्हती. आम्ही म्हटलं, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या उतरवल्या! किशोर म्हणाला, "तिला कळलं होतं वहिनी. जनावराला आधी कळतं."

नव्या ईएलसीबीवर एक बारीक बटण असतं, दर महिन्याला दाबून बघायचं. त्याने मला दाबायला लावलं. खट्! सगळा गोठा अंधारला. एवढंसं काम त्याचं. मी तिथेच शेणात खाली बसले आणि रडले. किशोर पाठ करून उभा राहिला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

जेवले नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

भाऊजी तक्रार लिहूनच घेऊन आले. बाहेर किशोर शेवटचा दिवा बसवत होता. भाऊजींनी पेन माझ्या हातात दिला — "वहिनी, इथं सही." कागदात किशोरचं नाव चार वेळा.

फुटलंच तोंड. म्हटलं, त्याचं नाव खोडा भाऊजी. त्याने नीट केलं होतं. मी काढायला लावलं. जोडलं यांनी, बॅटरी धरली मी.

भाऊजींनी कागद फाडला आणि गाडीला किक मारून गेले. किशोर पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

आईंनी सगळं ऐकलं. वाटलं आता झिंज्या धरतील, घराबाहेर काढतील. काढू देत. पण उठून आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार. वसुबारस

आज आई गोठ्यात आल्या. लख्ख उजेडात हौदापाशी उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिशी तू घरात व्हती. चंद्री पाणी पीत नव्हती. मीच म्हनले ज्ञानूला — तू हात घालून दाखव तिला, मंग पिईल."